वालचंदांचा जहाज कारखाना विशाखापट्टणमला का गेला आणि सुरुवातीला का रखडला

भोसरीत छोटं मशिन शॉप चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने मला विचारलं: "वालचंद हिराचंद म्हणजे आमच्या पुणे जिल्ह्यात वालचंदनगर वसवणारे. मग देशातला पहिला आधुनिक जहाज कारखाना त्यांनी मुंबई सोडून पार विशाखापट्टणमला का काढला? पहिल्या दहा वर्षांत तो इतका अडखळला का? आणि त्याच्या आजूबाजूचं गाव कसं वाढलं? आमच्यासारख्या घाटावरच्या माणसांना त्यातून काही घेता येईल का?"

मी आयुष्यभर जहाजबांधणीत काम केलं. 1970 च्या दशकात विशाखापट्टणमला हल, म्हणजे जहाजाचं पोलादी अंग बांधणाऱ्या विभागात लागलो, नंतर नियोजन विभागात गेलो. निवृत्तीनंतर कोथरूडला राहतो आणि चाकण-भोसरीच्या काही कारखान्यांना जहाजाच्या सुट्या भागांबद्दल सल्ला देतो. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही टोकांनी माहीत आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: जागा निवडली ती पाणी बघून, आणि ती निवड उत्तम होती. वाढ अडली ती जमिनीच्या बाजूला. पोलाद, इंजिनं, मागणी आणि आसपासचे पुरवठादार यांची साखळीच तेव्हा नव्हती.

आधी 'पहिला' या शब्दाबद्दल थोडं. भारतात जहाजं बांधण्याची सुरुवात 1940 च्या दशकात झाली, असं कोणी समजू नये. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईला आले. 1750 मध्ये तिथे दगडी कोरडी गोदी झाली. पुढच्या शंभर वर्षांत वाडियांच्या घराण्याने सागवानी जहाजं अशी बांधली की ब्रिटिश आरमाराने लढाऊ जहाजांची कामं मुंबईला दिली. 1817 मध्ये पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. 1842 चा नानकिंगचा तह झाला तोही मुंबईत बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर. वाडियांच्या हाती कसब होतंच, पण पाठीशी मलबारचं सागवान होतं, पिढीजात सुतार होते आणि कंपनीची कायमची मागणी होती. लाकूड जाऊन लोखंड आलं, शिडं जाऊन वाफ आली, तेव्हा हाताचं कसब तेवढं राहिलं आणि पाठीमागचा पुरवठा ब्रिटनकडे गेला. मोठी सागरी जहाजं बांधण्याचा धंदा मुंबईतून उठला तो या कारणाने. विशाखापट्टणमची गोष्ट समजायला हे लक्षात ठेवा, कारण तिथेही अखेर हाच मुद्दा आला.

वालचंद मूळचे सोलापूरचे, जन्म 1882 चा. काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. कापूस, धान्याच्या घरच्या व्यापारात मन रमेना, म्हणून रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मण बळवंत फाटकांबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं येडशी-तडवळ कामाचं कंत्राट घेतलं. पुढे बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम केलं. आपण डेक्कन क्वीनने ज्या घाटातून जातो तिथे त्यांच्या माणसांनी डोंगर फोडलेला आहे. हे सांगायचं कारण असं की जहाज कारखाना काढायला निघालेला हा माणूस मुळात जमीन, खडक, मजूर, तळ आणि पाणी यांचा हिशेब करणारा कंत्राटदार होता. कारखान्याच्या आधी मजुरांची वस्ती आणि पिण्याचं पाणी बघायचं, ही सवय त्यांना रेल्वेच्या तळांवर लागलेली असणार, असं मला नेहमी वाटतं.

जहाजांकडे ते वळले 1919 मध्ये. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं 'लॉयल्टी' हे जहाज पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून वापरात होतं. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी ते घेतलं, 'सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' काढली आणि 5 एप्रिल 1919 ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. राष्ट्रीय सागरी दिन आपण त्याच तारखेला पाळतो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंधियाला किनाऱ्यावरच गाठायचा प्रयत्न केला. कंपनी तगली, पण एक अडचण रोज समोर येई. जहाज घ्यायचं तर ब्रिटनकडून, मोठी दुरुस्ती करायची तर त्यांच्याच अटींवर. ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याच देशातून साधन विकत आणायचं, ही स्थिती टिकणारी नव्हती. म्हणून स्वतःचा जहाज कारखाना.

आता जागेचा प्रश्न. मुंबईला कंपनीचं मुख्यालय होतं, कारागीर होते, कार्यशाळा होत्या. पण मुंबई बंदरालगत कारखान्याला पुरेल अशी मोकळी आणि परवडणारी सलग जमीन मिळणं कठीण, आणि पोलाद यायचं जमशेदपूरहून, म्हणजे देश ओलांडून. कोलकाता पोलादाला जवळ. तिथे जागेसाठी बरेच प्रयत्न झाले, पण पोर्ट कमिशनर्सशी मनासारखं जमलं नाही. माझ्या मते ते जमलं नाही हे एका अर्थी बरंच झालं. हुगळी ही गाळाची, वळणावळणाची नदी. भरतीची लाट अंगावर घेऊन येते. नवं जहाज धक्क्यावरून सोडल्यावर ते पुढे किती धावतं आणि त्याला थांबवायला किती पाणी लागतं, याचा विचार केला की अशा नदीत प्रत्येक जलावतरण जिकिरीचं असतं.

विशाखापट्टणमचं बंदर तेव्हा नुकतंच झालं होतं, 1933 चं. मध्य प्रांतातलं मँगनीज बाहेर काढण्यासाठी रायपूर-विजयनगरम रेल्वेमार्ग 1931 मध्ये पूर्ण झाला आणि बंदर त्याला जोडलं गेलं. भूगोल तर जहाजबांधणीसाठीच घडवल्यासारखा. दक्षिणेला डॉल्फिन्स नोज हा डोंगराचा सुळका समुद्रात घुसलेला, त्याच्या आडोशाला अरुंद तोंड, आणि आत दलदलीतला गाळ उपसून तयार केलेलं शांत पाणी. लाटांना अडवायला बंदराच्या अभियंत्यांनी दोन जुनी जहाजं तोंडाशी मुद्दाम बुडवून बांध केला होता. भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या मानाने खूप कमी, त्यामुळे जहाज पाण्यात सोडण्यासाठी ठरावीक काही तासांचीच वाट पाहत बसावं लागत नाही. जमीन मोकळी आणि स्वस्त. बंगाल-नागपूर रेल्वे वॉल्टेअरला, म्हणजे विशाखापट्टणमच्याच स्टेशनला येत होती, म्हणजे जमशेदपूरच्या पोलादाला रुळांची वाट होती. बंगालच्या उपसागरातली वादळं मात्र या किनाऱ्याला चुकत नाहीत. पण डोंगराआडचं आतलं बंदर त्यातही बरंच सुरक्षित राहतं, हे मी स्वतः अनुभवलेलं आहे.

21 जून 1941 ला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. युद्ध चालू होतं. त्या काळात इंग्रज सरकारच्या मेहेरबानीवर न थांबता काँग्रेसच्या नेत्याच्या हातून कोनशिला बसवून घेणं याला धैर्य लागतं. परिसराला नाव दिलं 'गांधीग्राम'. युद्धाने हे काम पुढे ढकललं मात्र. यंत्रं परदेशातून यायची ती मिळेनात. 6 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. शहरातून माणसं गावाकडे पळाली, आणि कारखान्याची आलेली यंत्रसामग्री मुंबईला हलवावी लागली. युद्ध संपल्यावरच खरं बांधकाम वेगाने सुरू झालं.

इथे थोडं थांबून, असा कारखाना उभा राहतो म्हणजे नेमकं काय होतं ते सांगायला हवं, कारण वाहनउद्योग पाहिलेल्या पुणेकराच्या डोळ्यासमोर असेंब्ली लाइन येते. जहाज जागचं हलत नाही. माणसं आणि माल त्याच्याकडे येतात. सगळ्यात आधी लागतो स्लिपवे, म्हणजे पाण्याकडे उतरत जाणारा काँक्रीटचा धक्का. उतार साधारण वीस फुटांना एक फूट. दलदलीच्या जमिनीत त्याच्याखाली खोलवर पाइल ठोकावे लागतात, कारण हजारो टनांचा भार महिनोन्महिने एका जागी उभा राहणार आणि पाया इंचभर जरी खचला तरी जहाजाचा कणा वाकतो. मग मोल्ड लॉफ्ट. ही लांबरुंद लाकडी जमिनीची खोली. तिथे जहाजाच्या रेषा पूर्ण आकारात जमिनीवर आखायच्या, त्यावरून लाकडी साचे करायचे, आणि साच्यांवरून पोलादी फासळ्या भट्टीत तापवून वाकवायच्या. आज संगणक हे काम करतो. पण त्या लाकडी जमिनीवर गुडघ्यावर बसून रेषा ओढणाऱ्या माणसाची नजर जितकी पक्की असे, तितका पुढचा पत्रा पत्र्याला नीट लागे.

त्या काळी जोडणीत रिवेटला मोठं स्थान होतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पहिल्या पिढीतले काही कामगार निवृत्तीला टेकले होते. त्यातले एक तेलुगू गृहस्थ मला टोळीचं काम समजावून सांगत. एक जण भट्टीवर रिवेट लाल करायचा आणि चिमट्याने वर फेकायचा, दुसरा झेलून भोकात बसवायचा, तिसरा मागून जड घण टेकवून धरायचा आणि चौथा पुढून ठोकायचा. रिवेट थंड झाला की तो आकसून दोन पत्रे आवळतो, म्हणून वेळ चुकली तर सांधा गळतो. ते म्हणत, "साहेब, कानाने कळतं. बरोबर बसलेल्या रिवेटचा आवाज वेगळा." शेतीतून आणि मासेमारीतून आलेल्या माणसांनी काही वर्षांत हे अंगी बाणवलं. म्हणून सुरुवातीच्या अपयशाचं खापर कामगारांच्या अडाणीपणावर फोडणारं लिखाण वाचलं की मला राग येतो. कामाची गती सुरुवातीला कमी होती, हे खरं. नवख्या कारखान्यात जगभर ती कमीच असते.

14 मार्च 1948 ला पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरलं. भारवहन क्षमता आठ हजार टन, वाफेचं इंजिन. स्वतंत्र भारतात बांधलेलं हे पहिलं मोठं सागरी जहाज. चरबी आणि साबणाने बुळबुळीत केलेल्या लाकडी पट्ट्यांवरून हजारो टन पोलाद काही क्षणांत पाण्यात शिरतं, ते बघताना ज्याने ते बांधलं त्याचा श्वास अडकलेला असतो. त्याच वर्षी मागून 'जलप्रभा' उतरलं. सिंधियाच्या जहाजांची नावं 'जल'ने सुरू होत, ती परंपरा इथेही चालली.

आणि मग कारखाना अडखळला. इथेच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

आठ हजार टनी मालवाहू जहाजाला अडीच-तीन हजार टनांच्या आसपास पोलाद लागतं. त्यातला मोठा भाग विशिष्ट जाडीच्या, विशिष्ट प्रतीच्या प्लेटा. जमशेदपूरला पोलाद होतं, पण देशभरच्या रेल्वे, धरणं, कारखाने सगळ्यांची मागणी त्याच गिरणीवर. जहाजाच्या प्लेटा वेळेवर आणि हव्या त्या मापात येणं दुरापास्त. एक जाडीची प्लेट आली नाही तर तिच्यावरची सगळी कामं थांबतात, माणसं मात्र पगारावर असतात. मुख्य इंजिन, बॉयलर, पंप, नांगर आणि साखळदंड यांतलं बहुतेक सगळं परदेशातून यायचं. जहाजाच्या किमतीत निम्म्याहून जास्त वाटा असा विकत आणलेल्या मालाचा असतो, आणि तो बोटीने आणण्याचा खर्च, विमा, उशीर यांचा बोजा थेट इथल्या जहाजावर पडत होता. परिणामी विशाखापट्टणमचं जहाज ब्रिटनमधल्या तशाच जहाजापेक्षा महाग पडे.

महाग असलं की मागणी येत नाही. मागणी नाही म्हणजे एकाच आराखड्याची चार-सहा जहाजं सलग करता येत नाहीत. सलग केल्याशिवाय हात बसत नाही, साचे पुन्हा वापरता येत नाहीत, खर्च उतरत नाही. या चक्रात खासगी कंपनीला एकट्याने टिकणं शक्य नव्हतं. केंद्र सरकारने मागणी नोंदवली, ब्रिटिश किंमत आणि इथला खर्च यातला फरक भरून द्यायची पद्धत ठेवली. 1952 मध्ये 'हिंदुस्थान शिपयार्ड' ही नवी कंपनी झाली. त्यात दोन तृतीयांश वाटा सरकारचा, उरलेला सिंधियाचा. त्याच सुमारास एका फ्रेंच जहाजबांधणी कंपनीशी तांत्रिक करार झाला. 1961 मध्ये कारखाना पूर्णपणे सरकारी झाला. वालचंद 1953 मध्येच गेले. कारखाना हातातून गेला म्हणून ते हरले, असं काही जण लिहितात. मला ते पटत नाही. त्यांनी उभं केलं नसतं तर सरकारला ताब्यात घ्यायला काही उरलंच नसतं. उलट सरकारने दहा वर्षं आधी मागणीची हमी दिली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटन, जपान यांपैकी कुठल्याच देशात जहाजबांधणी सरकारी पाठबळाशिवाय मोठी झालेली नाही.

तज्ज्ञ माणसांचंही तसंच. नौकास्थापत्य शिकायचं तर ग्लासगो किंवा न्यूकॅसलला जायचं. खरगपूरच्या आयआयटीत हा विभाग 1952 मध्ये निघाला, म्हणजे 'जलउषा' उतरल्यानंतर चार वर्षांनी. मी तिथलाच. आमच्या आधीच्या पिढीने आराखडे परदेशी सल्लागारांकडून घेऊन काम केलं आणि काम करता करता शिकली.

आता गाव. 1941 मध्ये विशाखापट्टणमची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास होती, 1951 मध्ये ती लाखाच्या वर गेली. ही सगळी वाढ कारखान्याची नाही. बंदर, युद्धकाळातलं आरमार, रेल्वे हेही होतं. पण बंदराच्या पश्चिमेकडचा, मल्कापुरम-श्रीहरिपुरमचा पट्टा बदलला तो प्रामुख्याने कारखान्याने. शहर आणि कारखाना यांच्यामध्ये बंदराचं पाणी. त्यामुळे कामगार जवळ वसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गांधीग्रामची वसाहत झाली, घरं, शाळा, दवाखाना झाला. त्या वसाहतीबाहेर, कुठल्याही नकाशात नसलेल्या वस्त्या आपोआप वाढल्या. चहावाले, शिंपी, सायकल दुरुस्ती, भाजीबाजार, आणि श्रीकाकुळमकडून आलेल्या कंत्राटी मजुरांच्या झोपड्या. त्या भागाला लोक आजही 'सिंधिया' म्हणतात. कंपनीची जहाजं केव्हाच इतिहासजमा झाली, बसवर मात्र ते नाव आहे.

कारखान्याने आणखी एक गोष्ट केली, ती हिशेबात धरली जात नाही. इथे मोठा उद्योग उभा राहू शकतो हे त्याने दाखवलं. 1957 मध्ये कॅल्टेक्सचा तेलशुद्धीकरण कारखाना मल्कापुरमलाच आला. 1960 च्या दशकात खतं आली, अवजड प्लेटा आणि इतर उद्योगांना लागणारी मोठी पोलादी पात्रं बनवणारा कारखाना आला. त्या कारखान्यांत फिटर, वेल्डर म्हणून लागलेले कितीतरी जण आमच्याकडे शिकून गेलेले होते. आमच्या फोरमनना त्याचं वाईट वाटे. मला त्यात अभिमान वाटायचा. दुसरी बाजूही सांगतो. तेल, खतं आणि जहाजं एकाच खोलगट जागेत डोंगराआड आल्याने त्या पट्ट्याची हवा आणि खाडीचं पाणी बिघडलं, आणि त्याची किंमत मोजली ती सर्वात जवळ राहणाऱ्या कोळी आणि मजूर कुटुंबांनी. वस्ती कारखान्याला खेटून वाढू दिली तर असंच होतं. हा धडा पिंपरी-चिंचवडने आणि पवनेच्या काठाने पुढे स्वतःच्या अनुभवातून घेतला.

पण एक गोष्ट विशाखापट्टणमभोवती पहिल्या पंधरा-वीस वर्षांत झाली नाही, ती म्हणजे लघुउद्योगांचं कडं. इथे पुण्याशी तुलना उपयोगी पडते. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये सुरू झाली, 1960 च्या दशकात एमआयडीसी आली, वाहनांचे मोठे कारखाने आले आणि त्यांच्यामागे भोसरी-चिंचवडला शेकडो छोटी शॉप उभी राहिली. त्याआधीही खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून होता, आणि 1946 पासून किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना खडकीलाच. लेथवर हात बसलेली माणसं इथे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. जहाज कारखान्याला मात्र व्हॉल्व्ह, पाइपचे जोड, दरवाजे, जिने, शिगा यांसाठीसुद्धा स्वतःच्या आवारात विभाग काढावे लागले. एकाच छताखाली इतकी कामं आली की मूळ काम मंदावतं. वर्षाला एखाद-दुसरं जहाज काढणारा कारखाना शेजारच्या लहान पुरवठादाराला पोटापुरतं काम देऊ शकत नाही, म्हणून तो तिथे येतच नाही. वाहनाच्या धंद्यात रोज हजार नग लागतात, म्हणून येतो.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' असं आहे. वालचंदांनी इंदापूर तालुक्यात नीरेच्या पाण्यावर ऊस, साखर आणि नंतर अवजड यंत्रांचा जो कारखाना वसवला, त्या वालचंदनगरने पुढे नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्स बनवले. समुद्रापासून इतक्या लांब असूनही. जहाजाचा सगळ्यात कठीण भाग समुद्रकाठी बनवावाच लागतो असं नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

तुमच्या शॉपसाठी प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. जहाजाचं काम वाहनासारखं नसतं. नग कमी, कागद जास्त. तुमच्या प्रत्येक कास्टिंगच्या, प्रत्येक प्लेटच्या हीट नंबरची, म्हणजे तो धातू कुठल्या ओतणीतला त्या क्रमांकाची, नोंद शेवटपर्यंत जपावी लागते आणि वर्गीकरण संस्थेचा, म्हणजे जहाज व त्याचे भाग तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा, सर्वेक्षक येऊन तपासतो. पूर्वी हे काम इथे प्रामुख्याने लॉइड्ससारख्या परदेशी संस्था करत. 1975 पासून आपली 'इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग' आहे. एका उत्पादनाला मान्यता मिळवायला वेळ आणि पैसा जातो, म्हणून एकदम दहा वस्तूंच्या मागे लागू नका. खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या गनमेटलचा एखादा व्हॉल्व्ह किंवा पंपाचा शाफ्ट घ्या आणि त्याचीच मान्यता आधी काढा. एकटे जाऊ नका. तुमच्या गल्लीत पॅटर्न मेकर, फाउंड्री आणि टेस्टिंग लॅब आहेतच. तिघाचौघांनी मिळून पूर्ण तपासलेला, बसवायला तयार असा भाग पाठवला तर गोदीतला खरेदी अधिकारी तुमच्याशी बोलायला वेळ काढतो, कारण त्याला चार ठिकाणी पाठपुरावा करावा लागत नाही. पहिली ऑर्डर छोटी असेल आणि पैसे उशिरा येतील. वाहनाचं काम चालू ठेवूनच हे सुरू करा. मान्यतेचे कागद कसे भरायचे ते मी बसून दाखवीन, तुमचं ड्रॉइंग घेऊन या.